एकोणिसाव्या शतकातला भिक्खूंचा फोटो: कसा वाचावा, कसा जपावा

रंगून, कोलंबो, कँडी, बँकॉक, दार्जिलिंग, योकोहामा. १८६० नंतर या गावांतल्या स्टुडिओंनी भिक्खूंचे फोटो मोठ्या संख्येने काढले आणि प्रवाशांना विकले. ते आज अल्बममध्ये, पेट्यांत, लिलावात आणि संग्रहालयांच्या कपाटांत सापडतात. बहुतेकांच्या खाली एकच ओळ असते: ‘बौद्ध पुरोहित’ किंवा तसलेच काहीतरी. त्या ओळीवर विसंबून देश, काळ आणि पंथ ठरवणारा माणूस हमखास चुकतो. म्हणून इथे उलटा क्रम धरला आहे. आधी कागद, मग काच (ज्या काचेच्या निगेटिव्हवर फोटो टिपला ती), मग चित्र, आणि मथळा सगळ्यांत शेवटी.

बसण्यापूर्वीची तयारी

खिडकीपासून दूर, स्वच्छ, कोरडे टेबल घ्या. त्यावर पांढरा, बिनछपाईचा कागद अंथरा. लागणारे सामान थोडेच आहे: १० पट आणि ३० पट मोठे दाखवणारी दोन भिंगे, मिलिमीटरची पट्टी, बाजूने धरता येईल असा छोटा एलईडी दिवा, हवेचा रबरी फुगा, मऊ केसांचा रुंद ब्रश, २बी पेन्सिल आणि नायट्राइलचे हातमोजे. सुती हातमोजे टाळा. त्यांत पकड सुटते, आणि पुठ्ठ्याच्या झिजलेल्या कडेत धागा अडकून कपचा निघतो. चहा, पाणी, शाईचे पेन यांतले काहीही त्या टेबलावर नको.

फोटो उचलताना दोन्ही हातांनी, पुठ्ठ्याच्या कडांना धरून उचला. पुठ्ठा जुना आणि ठिसूळ असेल तर खाली दुसरा ताठ पुठ्ठा सरकवा आणि दोन्ही एकत्र हलवा. जुना आम्लयुक्त पुठ्ठा वाकवला की बिस्किटासारखा तुटतो, आणि ती भेग थेट चेहऱ्यांतून जाते.

पहिली पायरी: कागद ओळखा

३० पटीचे भिंग फोटोच्या मध्यम करड्या भागावर ठेवा. चेहरा नको, चीवराची (भिक्खूंच्या वस्त्राची) सर्वांत गडद घडीही नको. जमीन किंवा पडद्याचा भाग सर्वांत सोयीचा.

कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात, वर अंड्याच्या पांढऱ्याचा पातळ चकचकीत थर आहे आणि त्या थराला बारीक तडे गेले आहेत, असे असेल तर तो अल्ब्युमेन प्रिंट. हा कागद १८५० मध्ये ब्लांकार-एव्हरार याने मांडला आणि पुढची चाळीसेक वर्षे जगभर तोच चालला. रंग जांभळट तपकिरी, उजळ भाग पिवळसर. कागद फार पातळ असल्याने तो पुठ्ठ्यावर चिकटवलेलाच मिळतो. सुटा सापडला तर सुरळी होऊन बसलेला असतो. ती सुरळी हाताने उलगडू नका, अल्ब्युमेनचा थर तडकतो.

तंतू दिसतात पण वर कसलीच चकाकी नाही, चित्र कागदात मुरल्यासारखे आहे, तर तो सॉल्ट प्रिंट. भिक्खूंच्या फोटोत हा क्वचितच मिळतो. लिनिअस ट्राइपने १८५५ मध्ये ब्रह्मदेशात केलेले काम या प्रकारचे आहे, पण त्याचा सगळा भर वास्तूंवर होता. कागदी निगेटिव्हला लागणारा वेळ पाहता ते स्वाभाविकच होते.

तंतू अजिबात दिसत नाहीत, खाली गुळगुळीत पांढरा थर आहे, तर तो बॅराइटा थराचा कागद: कोलोडियन किंवा जिलेटिन. हा १८८० च्या दशकाच्या मध्यापासून रुळला. जांभळट किंवा तांबूस छटा असेल तर उन्हात छापलेला कागद. शुद्ध काळा-करडा असेल आणि तिरक्या प्रकाशात गडद कडांवर निळसर चांदीसारखी झाक येत असेल तर रसायनात उमटवलेला जिलेटिन कागद. ही चांदी पुसायची घाण नव्हे. चित्रातलीच चांदी वर आलेली असते, पुसली तर चित्र जाते.

सुबक जाळीतले ठिपके दिसले तर हातातली वस्तू फोटो नसून पुस्तकातली किंवा मासिकातली छपाई आहे. आळ्यांसारख्या वळवळत्या बारीक रेषा दिसल्या तर कोलोटाइप, म्हणजे तीही छपाईच. ठिपके नाहीत, तडे नाहीत, फिकेपणाही नाही, आणि गडद भाग तिरक्या प्रकाशात किंचित उंच दिसतात, तर कार्बन प्रिंट किंवा वुडबरीटाइप. जॉन थॉमसनने चीनमधल्या फूचौ आणि मिन नदीचा जो अल्बम १८७३ मध्ये काढला, त्यात कार्बन प्रिंट आहेत आणि विहारही आहेत. कार्बन प्रिंटचा रंग उडत नाही. म्हणून ‘इतका ताजा दिसतो म्हणजे नक्कल असणार’ असा निष्कर्ष घाईने काढू नये.

काचेवरचा फोटो, मागे काळा रंग किंवा काळे कापड: अँब्रोटाइप. पातळ लोखंडी पत्र्यावरचा: टिनटाइप, लोहचुंबक त्याच्या जवळ नेला तर ओढला जातो. आरशासारखा, तिरके धरल्यावर निगेटिव्ह दिसणारा: डॅग्युरोटाइप. हे तिन्ही डबीत असतील तर डबी उघडू नका.

माप घ्या, कारण माप बोलते

त्या काळी मोठे करून छापायची सोय नेहमीची नव्हती. काच कागदावर ठेवून उन्हात छापत. म्हणजे प्रिंट जेवढा, काच साधारण तेवढी. फक्त चित्राचे माप घ्या, मग पुठ्ठ्याचे वेगळे. पुठ्ठा ६४ × १०२ मिलिमीटरच्या आसपास असेल तर कार्त-द-व्हिझित (भेटकार्डाएवढा फोटो), ज्याचे पेटंट दिस्देरीने १८५४ मध्ये घेतले. १०८ × १६५ मिलिमीटर असेल तर कॅबिनेट कार्ड, १८६६ नंतरचे. दोन जवळजवळ सारखी चित्रे शेजारी असलेले ८९ × १७८ मिलिमीटरचे कार्ड स्टिरिओचे, म्हणजे खास भिंगांतून बघितल्यावर चित्राला खोली देणारे. चित्रच १६५ × २१६ मिलिमीटर किंवा २०० × २५० मिलिमीटरचे असेल तर ते बहुधा अल्बमसाठी विकलेले मोठे प्रिंट. प्रवाशांनी विकत घेतलेले भिक्खूंचे गट याच मापात जास्त मिळतात.

पुठ्ठ्यावरून काळ काढताना जरा सैल हाताने काढा. पातळ पुठ्ठा, चौकोनी कोपरे, मागे साधे नाव: १८६० चे दशक. गोल कोपरे, जाड पुठ्ठा: १८७० नंतर. गडद रंगाचा पुठ्ठा, सोनेरी तिरकी कड, मागे वेलबुट्टी आणि पदके: १८८० नंतर. हा क्रम युरोपातला आहे. कोलंबो किंवा ब्रह्मदेशातल्या मौलमिनच्या स्टुडिओत जुना पुठ्ठ्यांचा साठा संपेपर्यंत वापरात राहायचा. मागे प्रदर्शनाच्या पदकाचे वर्ष छापले असेल तर मात्र ते पक्के धरा: पुठ्ठा त्या वर्षाच्या आधीचा असू शकत नाही.

दुसरी पायरी: काचेच्या खुणा शोधा

आता चित्रातल्या माणसांकडे नव्हे, चित्राच्या चार कोपऱ्यांकडे बघा. फ्रेडरिक स्कॉट आर्चरची १८५१ ची ओली कोलोडियन पद्धत हाताने काचेवर द्रव ओतून चालायची. एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी कोरी जागा, दुसऱ्या कोपऱ्यात द्रव निथळताना उठलेल्या लाटा, कडेवर शिंपल्याच्या आकाराचा डाग, मध्ये धूमकेतूसारखे शेपटीवाले ठिपके असे काही दिसले तर काच ओली होती. उष्ण देशांत या चुका जास्त. थर लवकर सुकतो, चांदीचे द्रावण तापते, धूळ चिकटते. काच ओली असतानाच चित्र टिपून लगेच धुवावी लागे, म्हणून अंधारा तंबू कॅमेऱ्यापासून काही पावलांवरच असे. विहाराच्या आतल्या अंधाऱ्या सभागृहाऐवजी अंगण, पायऱ्या आणि ओसरी का दिसतात, याचे उत्तर इथेच आहे.

कोपरे स्वच्छ, थर एकसारखा, आणि गटातली माणसे थोडी मोकळी असतील तर कोरड्या जिलेटिन काचेचा विचार करा. तिची कल्पना मॅडॉक्सने १८७१ मध्ये मांडली, बाजारात ती १८७० च्या दशकाच्या अखेरीस आली.

अक्षरांकडे नीट बघा. चित्रातच पांढऱ्या अक्षरांत क्रमांक आणि मथळा असेल तर तो काचेवर शाईने लिहिलेला आहे, शाईने प्रकाश अडवला. अक्षरे काळी असतील तर थर खरवडून लिहिली. उलटे लिहावे लागत असल्याने एखादे अक्षर चुकून सुलटे राहते आणि प्रिंटमध्ये उलटे उमटते. ही चूक खोटेपणाची खूण नव्हे.

क्रमांक टिपून ठेवा. तोच क्रमांक, तेच चित्र दुसऱ्या संग्रहात वेगळ्या नावाखाली सापडते तेव्हा खरे काम सुरू होते. काचा विकल्या जात. छायाचित्रकार फेलिचे बेआतोने योकोहामातला आपला साठा १८७७ मध्ये तिथल्याच श्टिलफ्रीडला विकला, आणि त्यातली चित्रे पुढेही नव्या मालकांच्या नावाने छापली गेली. तेव्हा नोंदीत नेहमी दोन तारखा ठेवा: काच कधीची आणि प्रिंट कधीचा. ‘१८८० चे दशक’ अशी एकच तारीख लिहून टाकणे हा या विषयातला सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. कंपनीच्या नावाचेही तसेच. ‘स्कीन’ दिसले की सिलोन, असे होत नाही. कोलंबोची डब्ल्यू. एल. एच. स्कीन अँड कंपनी वेगळी, रंगूनची वॉट्स अँड स्कीन वेगळी.

तिसरी पायरी: चित्र उलटे तर नाही ना

ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि तरीही बहुतेक जण विसरतात. चीवर डाव्या खांद्यावर असते, उघडा राहतो तो उजवा खांदा. थेरवादात, म्हणजे सिलोन, ब्रह्मदेश आणि सियामच्या परंपरेत, हा नियम आहे, चीन आणि जपानमध्येही काषाय वस्त्र डाव्या खांद्यावरूनच जाते. फोटोतल्या भिक्खूंचा डावा खांदा उघडा दिसला, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडचा, तर भिक्खू चुकलेले नसून चित्र उलटलेले आहे.

उलटण्याची कारणे ठरावीक आहेत. टिनटाइप आणि डॅग्युरोटाइपमध्ये चित्र आरशातल्यासारखेच येते. अँब्रोटाइप पुष्कळदा तसाच असतो. एकदाच दुसऱ्या कागदावर उचललेला कार्बन प्रिंटही उलटतो. मॅजिक लँटर्नच्या (पडद्यावर चित्र पाडणाऱ्या जुन्या कंदिलाच्या) स्लाइड तर सर्रास उलट्या स्कॅन झालेल्या असतात. एकट्या भिक्खूवरून निर्णय घेऊ नका, गट असेल तर सगळ्यांचे खांदे मोजा. दोन्ही खांदे झाकलेले असतील तर मागच्या पाटीवरची अक्षरे किंवा जपानी कपड्यांतली डावी बाजू उजवीवर येते की नाही ते बघा. मूळ वस्तूच उलटी असेल तर स्कॅन सुलटा करू नका. वस्तू जशी आहे तशी ठेवा, नोंदीत ‘आरशातले चित्र’ असे लिहा आणि सुलटी प्रत वेगळ्या नावाने जपा.

चौथी पायरी: चीवराचा रंग विसरा

हा भाग सावकाश वाचावा, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात.

ओली कोलोडियन काच निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच टिपते. पिवळ्याला ती फार मंद, लालसर रंगाला जवळजवळ आंधळी. सुरुवातीची जिलेटिन काचही तशीच. परिणाम असा की हळदी, केशरी, काथ्याच्या रंगाचे आणि मरून, अशी चारही चीवरे प्रिंटमध्ये गडद येतात. कधीकधी काळीच. आकाश मात्र पांढरे फटक, कारण ते निळे. फोगेलने १८७३ मध्ये रंग मिसळून काच हिरव्या-पिवळ्याला जागी करण्याचा मार्ग शोधला, पण रोजच्या स्टुडिओत तो यायला वेळ लागला.

म्हणून ‘काळे चीवर घातलेले भिक्खू’ असे वर्णन लिहू नका. ‘प्रिंटमध्ये गडद दिसणारे चीवर’ एवढेच लिहा. एकाच गटात एकाचे चीवर फिके आणि दुसऱ्याचे गडद दिसले तर दोन वेगळे पंथ असे समजू नका. धुऊन विटलेले कापड, रेशमाची चकाकी, उन्हात बसलेला आणि सावलीत बसलेला, एवढ्यावरूनही तो फरक पडतो. हिमालयातल्या फोटोंत तर याहून मोठा खड्डा आहे. तिबेटी बौद्धांतल्या गेलुग परंपरेची टोपी पिवळी, इतर परंपरांच्या टोप्या बहुधा लाल, आणि जुन्या काचेवर दोन्ही गडद. पंथ टोपीच्या छटेवरून ठरत नाही. तिचा आकार, शिखा, कानपट्ट्या यांवरून विचार करावा लागतो.

हाताने रंगवलेल्या योकोहामाच्या प्रिंटवर रंग दिसतो, पण तो रंगाऱ्याने टेबलावर बसून भरलेला. त्याच काचेच्या दोन प्रिंटांत एक काषाय तपकिरी आणि दुसरा जांभळा असू शकतो. तो रंग कारागिरीचा पुरावा आहे, वस्त्राचा नव्हे.

गडदपणामुळे आणखी एक गोष्ट हरवते: शिवण. चीवर तुकडे जोडून, भाताच्या शेताच्या बांधांसारख्या रेषांत शिवलेले असते, खंडांची संख्या विषम. गडद प्रिंटमध्ये हे बांध दिसत नाहीत. स्कॅन केल्यावर फक्त गडद भागाचा उजळपणा वाढवला की पुष्कळदा ते वर येतात, आणि अंगावर संघाटी (दुहेरी बाहेरचे वस्त्र) आहे की उत्तरासंग (नेहमीचे वरचे वस्त्र), हे ठरवायला मदत होते. घडी घालून डाव्या खांद्यावर ठेवलेली पट्टी दिसली तर ती बहुधा संघाटी आहे, आणि बसणाऱ्यांनी प्रसंग औपचारिक मानला होता असे म्हणता येते.

पाचवी पायरी: आता माणसांकडे बघा

क्रम असा ठेवा: खांदे, भुवया, हातातली वस्तू, बैठक.

सिलोनमध्ये हा क्रम चांगला चालतो. १७५३ मध्ये सुरू झालेल्या सियाम निकायाचे (निकाय म्हणजे संघातला पंथ) भिक्खू एक खांदा उघडा ठेवत आणि भुवयाही काढत. अमरपूर निकाय आणि १८६४ चा रामञ्ञ निकाय यांचे भिक्खू दोन्ही खांदे झाकत, भुवया ठेवत. कँडीतली मल्वत्त आणि अस्गिरिय ही दोन्ही विहारपीठे सियाम निकायाची. तेव्हा मथळा ‘कँडीचे भिक्खू’ म्हणतो, पण सगळ्यांचे दोन्ही खांदे झाकलेले आणि भुवया ठळक, तर मथळा संशयास्पद धरा. सावधगिरी एकच: स्टुडिओत काचेवर पेन्सिलीने चेहरे सुधारत. ३० पटीच्या भिंगाखाली भुवई केसांची दिसते की सारख्या तिरप्या रेघांची, ते पाहून मगच लिहा.

सियाममध्येही (आजच्या थायलंडमध्ये) भिक्खू भुवया काढतात, ब्रह्मदेशात सहसा ठेवतात. एवढ्या एका फरकावर रंगून आणि बँकॉकच्या अदलाबदल झालेल्या कितीतरी मथळ्यांचा निकाल लागतो. ब्रह्मदेशात भिक्खू विहारात असताना उजवा खांदा उघडा ठेवतात आणि बाहेर पडताना दोन्ही झाकतात. म्हणून तिथे उघडा खांदा पंथ सांगत नाही, फोटो विहाराच्या आवारातला असावा एवढेच सांगतो.

ताडपत्राचा पंखा तिन्ही देशांत दिसतो, आकार मात्र वेगळे. पंख्याचे पाते, दांड्याची वक्रता आणि तो धरण्याची पद्धत यांचे वर्णन शब्दांत करा. पंख्याची कड धूसर असेल तर तो हलत होता, म्हणजे काच काही सेकंद उघडी होती. भिक्षापात्र झाकणासह आहे का, कापडी झोळीत आहे का, की स्टुडिओने नुसते पायाशी ठेवले आहे? पात्र जमिनीवर आडवे टाकलेले किंवा पोथी पायांजवळ असेल तर मांडणी छायाचित्रकाराची. भिक्खू स्वतःहून तसे ठेवणार नाहीत.

चीनमधल्या भिक्खूंच्या टाळूवर दीक्षेच्या वेळी उदबत्तीने दिलेले डाग ओळीत असतात. डोके किंचित झुकलेले असेल तर ते मोठ्या स्कॅनमध्ये मोजता येतात.

जपानच्या फोटोंत आधी विचारा: हे खरोखर भिक्खू आहेत का? योकोहामाच्या स्टुडिओत मॉडेल असत, आणि तोच चेहरा एका चित्रात भिक्खू तर दुसऱ्यात हमाल म्हणून भेटतो. वेताची टोपली डोक्यावर घेतलेला बासरीवाला भिक्खू, म्हणजे कोमुसो, हा प्रवाशांचा आवडता विषय. त्याचा फुके पंथ सरकारने १८७१ मध्येच बंद केला होता, त्यामुळे नंतरच्या स्टुडिओ-चित्रात मॉडेल असण्याची शक्यता मोठी. १८७२ च्या हुकमाने भिक्खूंना केस वाढवायला, लग्न करायला आणि साधे कपडे घालायला मोकळीक मिळाली, तेव्हा केस असलेला माणूस भिक्खू नाही असेही म्हणता येत नाही.

बैठक शेवटी. संघात ज्येष्ठता वयाने ठरत नाही, दीक्षेनंतरच्या वर्षावासांनी, म्हणजे विहारात घालवलेल्या पावसाळ्यांनी, ठरते. उंच आसनावर बसलेला तरुण आणि खाली बसलेला वृद्ध दिसला तर गोंधळू नका, वृद्धाने उशिरा दीक्षा घेतली असेल. पुढच्या रांगेतली मुले श्रामणेर, म्हणजे पूर्ण दीक्षा न झालेले शिकाऊ. पांढऱ्या कपड्यांतले केसवाले लोक उपासक किंवा विहाराचे सेवक. मागे पाय आणि चीवराच्या मधून लोखंडी तिपाईचा पाया डोकावतो का बघा. तो मान स्थिर धरणाऱ्या स्टँडचा. त्याच्यामुळे चेहरे कठोर वाटतात, आणि त्या ताठपणाला ‘वैराग्य’ म्हणणारे वर्णन चुकते.

सहावी पायरी: मथळा

मथळा अक्षरशः उतरवा, स्पेलिंगच्या चुकांसह, आणि अवतरणात ठेवा. तो कुठे आहे तेही लिहा: काचेवर, पुठ्ठ्यावर छापलेला, अल्बमच्या पानावर शाईने, की मागे पेन्सिलीने. काचेवरचा मथळा छायाचित्रकाराच्या दुकानातला. अल्बममधला विकत घेणाऱ्याचा, आणि तो बहुधा परतीच्या बोटीवर किंवा घरी आठवून लिहिलेला.

त्या काळच्या इंग्रजी मथळ्यांत भिक्खूला ‘प्रीस्ट’ म्हणत. ब्रह्मदेशात ‘पुंगी’, म्हणजे बर्मी फोंजी या आदरार्थी शब्दाचा अपभ्रंश. जपान-चीनमध्ये ‘बोंझ’. हिमालयात सरसकट ‘लामा’, जरी तो शब्द तिथे गुरूसाठी राखलेला असला तरी. मूळ शब्द पुसू नका, पण स्वतःच्या वर्णनात भिक्खू, श्रामणेर, उपासक असेच लिहा.

तारखेचा शेवटचा मेळ राजकीय घटनांशी घाला. मंडाले १८५७ मध्ये वसवले गेले आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी घेतले. बेआतोसारखे व्यावसायिक तिथे पोहोचले ते त्यानंतर. रंगूनचा फिलिप क्लिअर आधी मौलमिनला होता, १८८० च्या सुमारास रंगूनला आला. ‘मंडाले, १८७०’ असे पेन्सिलीने लिहिलेले आणि प्रिंटवर यांच्यापैकी कुणाचे नाव असेल तर पेन्सिलीवर विश्वास ठेवू नका.

स्कॅन

आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवा, मग मऊ ब्रश मध्यातून बाहेरच्या दिशेने. थर सुटत असेल किंवा प्रिंट हाताने रंगवलेला असेल तर ब्रशही नको. ओले फडके कधीही नाही: योकोहामाचे रंग पाण्यात विरघळतात आणि अल्ब्युमेन फुगून आणखी तडकते.

काळा-पांढरा समजून करड्यात स्कॅन करू नका. रंगीत, १६ बिट, टिफ फाइल. कार्त-द-व्हिझितसाठी १२०० पीपीआय (दर इंचाला इतके बिंदू), कॅबिनेट कार्ड आणि मोठ्या प्रिंटसाठी ६००. कॅबिनेट कार्डची अशी फाइल सुमारे ६० एमबीची होते, कार्तची ८७ च्या आसपास. पुठ्ठ्याच्या चारही कडा चौकटीत येऊ द्या, बाजूला पट्टी आणि रंगपट्टी ठेवा. मागची बाजूही त्याच मापाने. धार वाढवणे, ओरखडे काढणे ही स्कॅनरची आपोआप चालणारी कामे बंद करा. भुवई आणि पुसट शिवण पहिल्यांदा तीच खातात.

पुठ्ठा वाकलेला असेल तर स्कॅनरचे झाकण दाबू नका. वरून कॅमेऱ्याने घ्या, दोन दिवे ४५ अंशांवर. अँब्रोटाइप आणि डॅग्युरोटाइपही कॅमेऱ्यानेच.

फिका पडलेला अल्ब्युमेन प्रिंट वाचायची एक हुकमी युक्ती आहे. स्कॅनचे लाल, हिरवे, निळे असे तीन थर वेगळे करून निळा बघा. पिवळट चित्र निळा प्रकाश शोषते, म्हणून तिथे चेहरे आणि पडद्यावरची नक्षी परत उभी राहते. तपकिरी बुरशीचे ठिपके आड येत असतील तर लाल थर बघा, तिथे ते जवळजवळ नाहीसे होतात. मूळ फाइलला हात न लावता हे प्रतीवर करा.

ठेवण

पुठ्ठ्यावरून प्रिंट सोडवू नका. मागे काही लिहिले असेल या आशेने पाण्यात बुडवलेले प्रिंट कायमचे तडकले आहेत. मागे दिवा धरून आरपार बघण्यावर समाधान माना.

प्रत्येक फोटोला स्वतंत्र पाकीट. कागद आम्लमुक्त, लिग्निनमुक्त आणि फोटोला अपाय होतो का ते तपासणारी पीएटी चाचणी पार केलेला असावा. अल्ब्युमेनसाठी क्षार न मिसळलेला कागद घ्या. पारदर्शक पाकीट हवे तर पॉलिस्टरचे. पीव्हीसीचे नको, त्यातून सुटणारे वायू चांदी खातात. थर सुटत असलेल्या प्रिंटला पॉलिस्टरही नको, कारण त्यावरच्या स्थिर विजेने कपचे ओढले जातात. क्रमांक पाकिटावर लिहा, आणि प्रिंट आत घालण्याआधी लिहा. नाहीतर पेन्सिलीचा दाब चेहऱ्यावर उमटतो.

आर्द्रता ३० ते ५० टक्के, तापमान १८ अंशांच्या आसपास किंवा जितके थंड आणि स्थिर ठेवता येईल तितके. ६५ टक्क्यांवर बुरशी येते आणि पुठ्ठ्याची खळ खायला कसर येते. ३० च्या खाली पुठ्ठा वाकतो, अल्ब्युमेन ताणून फाटते. स्थिरता आकड्यापेक्षा महत्त्वाची: दिवसा थंड, रात्री दमट अशा खोलीत प्रिंट रोज थोडा फुगतो, थोडा आकसतो. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. डांबरगोळ्या कपाटात नकोत.

काचेच्या निगेटिव्ह लांब कडेवर उभ्या ठेवा, चार पाळ्यांच्या कागदी पाकिटात. तडकलेली काच मात्र आडवी, दोन ताठ पुठ्ठ्यांच्या मध्ये. अँब्रोटाइपची काच फुटली तर तुकडे पुसायचा मोह आवरा: चित्राची बाजू पुसली तर हातात नुसती काच उरते.

प्रदर्शनात मूळ प्रिंट ठेवायचाच असेल तर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश नको, आणि काही आठवड्यांनी तो परत अंधारात जाऊ द्या. भिंतीवर कायम लावायला स्कॅनची प्रत छापून घ्या.

नोंद कशी लिहावी

नमुना असा: ‘चार भिक्खू आणि दोन श्रामणेर, विहाराच्या पायऱ्यांवर. उजवा खांदा उघडा, भुवया काढलेल्या. मध्यभागी बसलेल्यांच्या हाती ताडपत्राचा पंखा, कड धूसर. चीवर प्रिंटमध्ये गडद. अल्ब्युमेन प्रिंट, चित्र २०५ × २६२ मिमी, अल्बमच्या पानावर. ओल्या कोलोडियन काचेच्या खुणा खालच्या डाव्या कोपऱ्यात. काचेवर पांढऱ्या अक्षरांत क्रमांक. पानावर शाईने मथळा, जसाच्या तसा. स्थळ: सिलोन, मथळ्यावरून. पंथ: सियाम निकाय, चीवर व भुवयांवरून. काच: १८७० चे दशक. प्रिंट: त्याच काळातला किंवा नंतरचा. व्यक्ती: नावे नोंदलेली नाहीत.’

शेवटचा रकाना कधीही गाळू नका. यांतले काही भिक्खू आपल्या काळात नामांकित आचार्य होते. हिक्कडुवे सुमंगल यांनी १८७३ मध्ये कोलंबोत विद्योदय परिवेण (भिक्खूंचे विद्यालय) सुरू केले, त्याच वर्षी मिगेट्टुवत्ते गुणानंद यांनी ख्रिस्ती धर्मप्रचारकांशी झालेल्या पानदुऱ्याच्या वादसभेत भाषणे केली. ‘बौद्ध पुरोहित, सिलोन’ या ओळीखाली असा एखादा चेहरा असू शकतो. नाव सुचले तर त्या व्यक्तीच्या निदान दोन खात्रीच्या फोटोंशी कान, नाक आणि कपाळाची ठेवण ताडून बघा. वय आणि वजन बदलते, कानाची घडण फारशी बदलत नाही. जुळले तरी नावापुढे ‘बहुधा’ लिहा आणि कशावरून ठरवले ते त्याच ओळीत द्या, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तिथूनच तपासता येईल.